मित्राच्या अंगणात

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)

मुलुंड पूर्वेला आम्ही राहायला आलो, तेव्हा आमच्या तीन मजली इमारतीच्या गच्चीवरून थेट मिठागरांपर्यंत नजर जायची. मे महिन्यात उकाड्यानं झोप येईनाशी झाली की घरोघरच्या चटया गच्चीवर जायच्या. रात्री साडेअकरा-बाराच्या सुमारास दक्षिणेला, क्षितिजाच्या जरासे वर, दोन ठळक तारे शेजारी शेजारी दिसत. हात लांब करून मूठ धरली आणि ती क्षितिजावर टेकवली, की मुठीच्या वरच्या कडेला ते तारे. मुंबईहून ते याहून फारसे वर येतच नाहीत. माझे वडील सांगायचे, डावीकडचा तो मित्र आणि उजवीकडचा मित्रक.

नरतुरंग तारकासमूहातले हे दोन तारे खांद्याला खांदा लावून उभे दिसतात. पण ही जवळीक लोकलच्या गर्दीतली आहे. मित्रक आपल्यापासून जवळजवळ चारशे प्रकाशवर्षं दूर आहे आणि मित्र फक्त ४.३७ प्रकाशवर्षांवर. पाश्चात्त्य मंडळी मित्राला अल्फा सेंटॉरी म्हणतात. आपल्या सूर्याचा हा सगळ्यांत जवळचा शेजारी. जवळचा म्हणजे किती जवळचा? व्हॉयेजर-१ हे यान सेकंदाला १७ किलोमीटर वेगानं चाललं आहे. त्या वेगानं एवढं अंतर कापायला सुमारे ७५ हजार वर्षं लागतील.

मित्र हा एक तारा नाही, हे भारताच्याच भूमीवरून प्रथम कळलं. १६८९ च्या डिसेंबरात पुदुच्चेरीला फादर रिशो नावाचे जेझुइट पाद्री दुर्बिणीतून एक धूमकेतू पाहत होते. पाहता पाहता त्यांना मित्राच्या जागी दोन तारे दिसले. आज आपण त्यांना 'अ' आणि 'ब' म्हणतो. दोघे एकमेकांभोवती सुमारे ८० वर्षांत एक फेरी मारतात. 'अ' आपल्या सूर्यापेक्षा किंचित मोठा, 'ब' किंचित लहान. पुढे १९१५ साली या घरातलं तिसरं माणूस सापडलं, प्रॉक्सिमा नावाचा मंद लाल तारा. त्याच्याभोवती पृथ्वीच्या जवळपास वजनाचा एक ग्रह फिरतो, हे २०१६ साली जाहीर झालं. पण तो तारा सूर्यासारखा नाही. आपल्याला उत्सुकता आहे ती सूर्यासारख्या दोघांची. त्यांच्या अंगणात कोणी आहे का?

आता एवढ्या लांबचा ग्रह सापडतो कसा? ताऱ्याच्या झगमगाटात तो दिसत नाही. पण ग्रह ताऱ्याभोवती फिरताना ताऱ्यालाही किंचित हलवतो. तारा कधी आपल्याकडे सरकतो, कधी मागे जातो. फलाटावर न थांबणारी जलद लोकल भोंगा वाजवत येते, तेव्हा तिचा सूर चढा असतो आणि आपल्यासमोरून पुढे गेली की तो एकदम उतरतो. ताऱ्याच्या प्रकाशाचंही तसंच होतं. त्या चढउतारावरून ताऱ्याचा वेग कळतो आणि वेगावरून ग्रहाचा अंदाज येतो. सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा पहिला ग्रह मायर आणि केलो या स्विस शास्त्रज्ञांनी १९९५ साली असाच शोधला. त्यासाठी २०१९ साली त्यांना नोबेल मिळालं. आपल्याकडे अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेनं माउंट अबूच्या दुर्बिणीला 'पारस' नावाचं उपकरण जोडून, सुमारे ६०० प्रकाशवर्षांवरच्या ताऱ्याभोवतीच्या एका ग्रहाचं वजन याच रीतीनं काढलं आणि २०१८ साली तो शोध जाहीर केला. अशा सगळ्या रीती मिळून सापडलेल्या ग्रहांची संख्या २०२५ साली सहा हजारांवर गेली.

यातली अडचणही लक्षात घ्या. गुरूसारखा भला मोठा ग्रह आपल्या सूर्याला सेकंदाला १२ मीटर वेगानं हलवतो. आपली पृथ्वी हलवते ती सेकंदाला ९ सेंटिमीटर. मुंगीच्या चालीपेक्षा थोडं अधिक म्हणा. आणि तारा काही निश्चल गोळा नव्हे. तो उकळत असतो, त्याच्यावर डाग येतात, जातात. त्या खळबळीतून ही चाल ओळखायची.

इथे मला माझी एक गोष्ट सांगायची आहे. घाटकोपरच्या एका शाळेत मी विज्ञान शिकवत असे. २०१२ च्या ऑक्टोबरात बातमी आली की 'ब' ताऱ्याभोवती पृथ्वीएवढ्या वजनाचा ग्रह सापडला. चिलीमधल्या दुर्बिणीतून चार वर्षं निरीक्षणं करून युरोपातल्या शास्त्रज्ञांनी तो शोधला होता. हा ग्रह ताऱ्याच्या अगदी जवळून सव्वातीन दिवसांत फेरी मारतो आणि ताऱ्याला सेकंदाला ५१ सेंटिमीटर वेगानं हलवतो, असा त्यांचा दावा होता. म्हणजे रांगत्या बाळाचा वेग. मी ती बातमी वर्गात वाचून दाखवली. 'असावा' वगैरे शब्द माझ्या तोंडी आलेच नाहीत. मी सरळ म्हटलं, "मुलांनो, आपल्या शेजारी ग्रह आहे!"

नववीतल्या एका मुलीनं ते मनावर घेतलं. विज्ञान प्रदर्शनासाठी तिनं थर्माकोलचे दोन पिवळे गोळे केले आणि त्यातल्या एकाभोवती तारेवर निळा मणी बसवला. खाली पाटी लिहिली : 'आपला सर्वांत जवळचा शेजारी'. तिला बक्षीस मिळालं. प्रतिकृती प्रयोगशाळेच्या कपाटावर विराजमान झाली.

२०१५ साली ऑक्सफर्डच्या विनेश राजपॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीच निरीक्षणं पुन्हा तपासली आणि दाखवून दिलं की तो ग्रह नाही. त्यांची तपासणी समजायला सोपी आहे. समजा, आमच्या इमारतीत कोळीण रोज सकाळी येते. मी मात्र दर तिसऱ्या दिवशीच सकाळी घरी असतो. माझ्या वहीत नोंद होईल, की कोळीण तीन दिवसांतून एकदा येते. हा हिशेब कोळणीचा नाही, माझ्या घरी असण्याचा आहे. दुर्बिणीचंही असंच. एक तारा अखंड पाहता येत नाही. दिवस उगवतो, ढग येतात, दुर्बिणीवर दुसऱ्या कोणाची पाळी असते. निरीक्षणांमध्ये अशा ज्या फटी राहिल्या, त्यांचा ताल ताऱ्याच्या स्वतःच्या खळबळीत मिसळला आणि सव्वातीन दिवसांची फेरी दिसू लागली. राजपॉल यांनी संगणकावर ग्रह नसलेला तारा रचला आणि तो नेमक्या त्याच वेळांना पाहिला. त्यातही तोच 'ग्रह' निघाला!

हे मी वाचलं आणि गप्प बसलो. ती मुलगी तेव्हा बारावीत होती. अभ्यासाचं वर्ष आहे, कशाला सांगा, असं मी स्वतःला म्हटलं. खरं कारण ओशाळलेपणा. २०१९ साली निवृत्त झालो, तोवर ती पाटी रोज पाहत होतो; पण काढली नाही.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा बातमी आली. या वेळी जेम्स वेब दुर्बिणीतून आणि या वेळी 'अ' ताऱ्याजवळ. समोरच्या गाडीचे दिवे डोळ्यांवर येऊ नयेत म्हणून आपण हात आडवा धरतो, तशी त्या दुर्बिणीत ताऱ्याचा प्रकाश झाकण्याची सोय आहे. तरीही 'अ'चा उरलेला उजेड आणि शेजारच्या 'ब'चा उजेड वजा करावा लागला. मग ताऱ्यापेक्षा दहा हजार पटींहून मंद असा एक ठिपका उरला. ग्रह असेल तर तो वजनानं साधारण शनीएवढा, वायूचा गोळा. ताऱ्यापासून त्याचं अंतर पृथ्वी-सूर्य अंतराच्या एक ते दोन पट. ठिपका दिसला २०२४ च्या ऑगस्टमध्ये. २०२५ च्या फेब्रुवारीत आणि एप्रिलमध्ये पुन्हा पाहिलं, तेव्हा दिसला नाही. त्याच्या संभाव्य कक्षा संगणकावर मांडल्या, तर जवळजवळ निम्म्या कक्षांमध्ये ग्रह त्या दोन्ही वेळांना ताऱ्याच्या फार जवळ जाऊन दिसेनासा झाला असता. तेव्हा दोनदा न दिसणं हा नसण्याचा पुरावा नाही. आणि एकदा दिसणं हा असण्याचा पुरावाही नाही. शोधणाऱ्यांनीच त्याला 'संभाव्य ग्रह' म्हटलं. हा 'संभाव्य' शब्द वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत मात्र बहुतेकदा आक्रसून जातो.

त्या आठवड्यात मला फोन आला. "सर, ओळखलंत का? शेजारीण बोलतेय." मी ओळखलं. आता ती अंधेरीला नोकरी करते. म्हणाली, "आपला ग्रह सापडला म्हणे!"

मी म्हटलं, "हा वेगळा. हा 'अ'चा. आपला 'ब'चा होता. आणि तो..." इथे माझी जीभ अडखळली.

"तो नव्हताच. ठाऊक आहे मला. इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला वाचलं होतं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

म्हणजे इतकी वर्षं आम्ही दोघं एकमेकांना जपत होतो. आणि तेवढ्या काळात कपाटावरची ती पाटी किती मुलांनी वाचली असेल? चूक होण्याबद्दल मला तितकं वाटत नाही. ज्यांनी तो ग्रह जाहीर केला, तेही निष्काळजी नव्हते. पण त्यांची चूक तीन वर्षांत उघडपणे दुरुस्त झाली आणि माझी दहा वर्षं कपाटावर बसून राहिली.

पुढच्या शनिवारी आम्ही शाळेत गेलो. प्रतिकृती धूळ खात तिथेच होती. नव्या बाईंनी आनंदानं परवानगी दिली. जुनी पाटी काढून तिनं नवी लिहिली : 'या ताऱ्याभोवतीचा ग्रह २०१२ मध्ये जाहीर झाला. तो नसल्याचं २०१५ मध्ये दिसून आलं. शोध चालू आहे.' मी विचारलं, "मणी काढू या का?" ती म्हणाली, "राहू दे, सर. ग्रह नाही तर मणी कशाला, असं कोणीतरी विचारायला हवं ना."

आमच्या गच्चीवरून आता मित्र दिसत नाही. दक्षिणेला बावीस मजले उभे आहेत. पण मे महिन्यात तुम्ही गावी, कोकणात, किंवा वांगणी-नेरळच्या बाजूला गेलात, तर मध्यरात्रीच्या सुमारास दक्षिणेकडे तोंड करून मूठ धरा. डावीकडचा तो मित्र. त्याचा जो प्रकाश डोळ्यांत शिरेल, तो तिथून निघाला तेव्हा आजचं दहावीतलं मूल पाचवी-सहावीत होतं. बरोबर असं एखादं मूल असेलच. "तिथे ग्रह आहे का?" असं ते विचारील. त्याला सांगा, "अजून नक्की माहीत नाही." आणि कसं शोधतात, तेही सांगा.