ट्रेलरच्या मागची आडवी दांडी



सप्टेंबर 2024 मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात ज्यूरीने वाबॅश नॅशनल या ट्रेलर बनवणाऱ्या कंपनीवर 46 कोटी 20 लाख डॉलरचा बोजा टाकला. त्यातले 45 कोटी निव्वळ दंडात्मक. 2019 मध्ये मिझुरीत एक कार मागून येऊन ट्रेलरखाली घुसली आणि दोन तरुण गेले. ट्रेलर 2004 सालचा, तेव्हाच्या केंद्रीय नियमात चोख बसणारा. सभागृहात कुणी ट्रान्सपोर्टवाले असतील तर ते म्हणतील, आदळला कारवाला, नियम पाळला कारखानदाराने, मग भुर्दंड कारखानदाराला का? प्रश्न रास्त आहे.

आधी अपघात समजून घेऊ. दोन मोटारी धडकल्या की बॉनेट चुरगळते, धक्का तिथे जिरतो. ट्रेलरचा तळ बॉनेटपेक्षा उंच. बॉनेट खालून निसटते आणि ट्रेलरची कड थेट काचेवर येते. म्हणून मागे आडवी दांडी लावतात. 1967 मध्ये लुइझियानात अभिनेत्री जेन मॅन्सफिल्ड अशाच अपघातात गेली, तेव्हापासून लोक या दांडीला मॅन्सफिल्ड बार म्हणतात. नियम आधीही होता, 1953 चा. पण तो दांडी जमिनीपासून 76 सेंटिमीटर उंच चालवून घेई. ती 56 वर यायला 1998 उजाडले. सरकारी चाल कुठेही सारखीच!

बरे, या नव्या नियमाची चाचणी कशी? दांडी पक्क्या चौकटीवर बसवायची, ठरलेल्या जागी हळूहळू जोर लावायचा, टिकली की पास. प्रत्यक्ष मोटार आदळवून पाहण्याची सक्ती नाही. ते काम 2011 मध्ये विमा कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या महामार्ग सुरक्षा संस्थेने केले. शेव्हरोले मालिबू, वेग ताशी 56 किलोमीटर. वाबॅशच्या ज्या दांडीची चाचणी झाली ती कॅनडाच्या 2007 च्या कडक नियमाप्रमाणे बनवलेली होती. मोटार पूर्ण रुंदीने आदळली, दांडी टिकली. अर्ध्या रुंदीने आदळली, तरी टिकली. फक्त 30 टक्के भाग कोपऱ्यावर आदळला तेव्हा दांडी वाकली. कारण साधे आहे. दांडी पेलणारे उभे खांब आतल्या बाजूला, टोक अधांतरी. पुढे अनेक कंपन्यांनी टोकाला आधार दिला आणि 2017 मध्ये याच संस्थेने पुरस्कार दिलेल्या कंपन्यांत वाबॅशही होती. म्हणजे जमत होते.

आता कायदा. अमेरिकेच्या 1966 च्या वाहन सुरक्षा कायद्यातच लिहिले आहे की, सरकारी मानक पाळले म्हणून दिवाणी जबाबदारीतून सुटका नाही. मानक ही किमान पायरी. 1968 मध्ये जनरल मोटर्सविरुद्धच्या लार्सन खटल्यात, कॉर्व्हेअर गाडीच्या स्टिअरिंगवरून, आठव्या सर्किटच्या केंद्रीय अपील न्यायालयाने सांगितले की गाडी आदळण्यासाठी बनवत नसले तरी ती आदळणार हे कारखानदाराला ठाऊक असते. म्हणून धडकेनंतर आतला माणूस वाचेल अशी रचना करणे त्याचे काम. आदळण्याचा दोष एकाचा, त्या धडकेत वाढलेल्या इजेचा दुसऱ्याचा. मला हा निवाडा त्या शतकातल्या उत्तम निवाड्यांपैकी वाटतो.

सेंट लुईसच्या निकालाबद्दल मात्र माझे मत इतके सरळ नाही. कंपनीची तक्रार अशी की, चालकाच्या रक्तातले मद्य मर्यादेबाहेर होते आणि दोघांनीही सीट बेल्ट लावला नव्हता, हे ज्यूरीला कळू दिले नाही. मद्याचे समजू शकतो. ते धडकेचे कारण, इजेचे नव्हे. पण बेल्टचा संबंध थेट इजेशी आहे, तो झाकायला नको होता. मार्च 2025 मध्ये न्यायाधीशांनी दंडात्मक रक्कम 10 कोटी 80 लाखांवर आणली. भरपाई होती 1 कोटी 20 लाख. हिशेब करा, नेमकी नऊपट. दंड भरपाईच्या एकअंकी पटीत असावा, असा दंडक अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्ये घालून दिला होता, त्याच्या अगदी काठावर.

आपल्याकडे? मोटार वाहन कायद्याच्या कलम 168 प्रमाणे न्यायाधिकरण रक्कम बसवते ती विमा कंपनी, मालक किंवा चालकावर. कारखानदार त्यात नाहीच. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात डिझाइनमधल्या दोषाची जबाबदारी आली खरी, पण ती ग्राहकाला झालेल्या हानीपुरती. ट्रेलर विकत घेतो ट्रान्सपोर्टवाला, त्याखाली जातो कारवाला. हा कारवाला ट्रेलर कंपनीचा ग्राहक ठरणार कसा? मग त्याच्या घरच्यांना उरते ते दिवाणी कोर्ट, आणि तिथे कोर्ट फी आधी भरावी लागते.