जात्यावरचा पुरावा

विद्यार्थ्याचा प्रबंध हाती आला की मी आधी संदर्भसूची उलटतो. परवा मुळशी धरणावरचा आला. वसाहतोत्तर विचारांचे सगळे परदेशी पंडित हजर. मावळातली एकही बाई नाही!

१९२१ साली सेनापती बापटांबरोबर मावळे सत्याग्रहाला उभे राहिले. वीज मुंबईच्या गिरण्यांना, बुडाली शेतं यांची. सरकार जमिनी घेई तो १८९४चा कायदा स्वराज्यातही २०१३ अखेरपर्यंत चालला. मग वसाहत संपली कधी? प्रबंधाचा खरा प्रश्न हा.

हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी मुळशीतल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या जमवल्या. तिथलं जगणं त्यांच्याच शब्दांत आहे.

‘परिशिष्टात घालू का, सर?’ त्यानं विचारलं.

म्हटलं, पहिल्या प्रकरणात घाल. पंडितांना नंतर बोलव.