कागदावरचे नाव

देवगड, मालवण, वेंगुर्ले या तीन तालुक्यांच्या किनाऱ्याने कोणीही प्रवासी गेला, तर त्याला एक गोष्ट सांगावी लागत नाही. जिकडे पाहावे तिकडे स्त्रिया कामात आहेत. आषाढात चिखलात पाय रोवून तरवा लावणारी ती, पहाटेच्या लिलावातून मासळी घेऊन पाटी डोक्यावर चढविणारी ती, आणि दुपारच्या वेळी खळ्यात बसून माडाची चुडते विणणारीही तीच. या मुलखाने पिढ्यानुपिढ्या मुंबईच्या गिरण्यांना व गोदीला आपले पुरुष पुरविले. खानेसुमारीचे आकडे तेच बोलतात. सिंधुदुर्गात १९९१ साली दर हजार पुरुषांमागे १,१३७ स्त्रिया होत्या. २००१ साली त्या १,०७९ झाल्या आणि २०११ साली १,०३६. हा उतार काही अंशी मुंबईहून परतलेल्या पुरुषांचाही असेल. १९८२ च्या गिरणी संपानंतर कित्येक घरांची मनीऑर्डर कायमची थांबली. मनीऑर्डर येत होती तेव्हा ती पुरवून वापरणारी, आणि थांबली तेव्हा चूल पेटती ठेवणारी, एकच होती.

अशा स्त्रीला घरची मालकीण म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. मात्र तलाठ्याच्या दप्तरात ही मालकीण शोधू गेल्यास ती बहुधा सापडत नाही. तेथे तिच्या सासऱ्याचे नाव असते, दिरांची असतात, मुंबईस गेलेल्या चुलत्यांची असतात; कुणगा कोणता आणि त्यात पाणी कोठून शिरते हे जिला ठाऊक, तिचे मात्र नसते. नवरा निवर्तल्यावर वारस म्हणून नाव लागते, म्हणजे मालकीण होण्यासाठी तिला आधी विधवा व्हावे लागते! किनाऱ्यावरील ज्या स्त्रिया आज समान हक्काची भाषा बोलत आहेत, त्यांचा प्रश्न वरवर पाहता असा लहानसा, एका नावापुरता आहे. पण लोकशाहीचा सारा व्यवहारच नावावर चालतो, हे ध्यानात घेतले पाहिजे.

स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ साली झाली. तिच्या याद्या करिताना असे आढळले की, लक्षावधी स्त्रियांनी आपले नाव न सांगता 'अमक्याची आई', 'तमक्याची बायको' एवढेच सांगितले आहे. त्या वेळचे मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी स्वीकारण्यास नकार दिला आणि सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून गळाली. त्यांपैकी बहुतेक उत्तरेकडील प्रांतांतल्या होत्या. तो निर्णय कठोर होता खरा. पण स्वतःचे नाव सांगितल्यावाचून मत नाही, हा धडा त्या एका निर्णयाने साऱ्या देशाला घालून दिला, आणि पुढील निवडणुकीच्या वेळी पुष्कळ नावे यादीत आली.

मतदारयादीतला हा धडा जमिनीच्या कागदापर्यंत पोचण्यास फार वेळ लागला. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलीला वडिलार्जित मिळकतीत मुलाबरोबरीचा हक्क दिला. पण त्या दिवसापूर्वी लग्न झालेल्या मुलींना त्यातून वगळले. केंद्राच्या २००५ च्या दुरुस्तीने ही अट नाहीशी केली, आणि वडील तेव्हा हयात होते की नव्हते हा वाद सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये मिटविला. कायद्याच्या बाजूने आता फारसे उणे राहिलेले नाही.

उणे आहे ते दुसरीकडे. कोकणात घरची सारी माणसे एकत्र येतात ती गणपतीत. मुंबईकर येतात, माहेरवाशिणी येतात, गौरीचा ओवसा होतो. वाटणीची बोलणीही तेव्हाच निघतात, कारण सह्या करणारे हात एरवी एके ठिकाणी मिळत नाहीत. कोणीतरी हक्कसोडपत्राची गोष्ट काढतो. बहिणीला तेथे कोणी धमकावीत नाही. भाऊ एवढेच म्हणतो, "तुझा काय, तू आमचीच, कागदाचा काम आसा." तिलाही ठाऊक असते की, हिस्सा मागितला तर पुढल्या गणपतीत या घराचे दार पूर्वीसारखे उघडणार नाही. ती दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जाते आणि सही करते. या सहीला कोणते न्यायालय जुलमाची म्हणेल? तरीही ती मनमोकळी सही नव्हे. हापूसची कलमे आणि किनाऱ्यालगतची जागा यांचे मोल आज जेथवर चढले आहे, ते पाहता माहेरपणाची ही किंमत थोडी नाही.

याच किनाऱ्यावर दक्षिणेकडे तेरेखोलची खाडी लागते. खाडीपलीकडे गोव्याचा मुलूख. तेथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेल्या कायद्याप्रमाणे, वेगळा करार केलेला नसेल तर विवाहाबरोबरच पतिपत्नी मिळकतीचे समाईक धनी होतात. त्या कायद्यातही स्त्रीला जाचक अशा काही जुन्या तरतुदी होत्या, म्हणून त्याचे सरसकट गोडवे गाण्याचे कारण नाही. परंतु भाषा एक, देव एक, जेवण एक आणि सोयरीक नित्याची असूनही खाडीच्या एका तीरावर पत्नी भागीदार व दुसऱ्या तीरावर केवळ वारस, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

महाराष्ट्रातही प्रयत्न झाले नाहीत असे नाही. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत शेतकऱ्यांनी आपण होऊन पत्नीचे नाव सातबाऱ्यावर चढविले, आणि १९९२ साली सरकारनेही त्यास वाट करून दिली. पुढे २००३ साली ग्रामपंचायतीच्या घरपत्रकात पतीबरोबर पत्नीचेही नाव नोंदविण्याचा निर्णय निघाला. यास फारसा खर्चही नाही. तरी कित्येक घरांत तो निर्णय पोचलाच नाही, कारण तो वाचला गेला तो पुरुषांच्या बैठकीत.

येथे ग्रामसभेचा विषय येतो. निवडणुकीची या मुलखाला नवलाई नाही. राजापूर मतदारसंघाने बॅ. नाथ पै यांना १९५७ पासून तीन वेळा, व प्रा. मधु दंडवते यांना १९७१ पासून पाच वेळा लोकसभेत पाठविले. दिल्लीस इतकी पारखून माणसे पाठविणाऱ्या गावांत गावचा निर्णय मात्र फार काळ देवळाच्या सभामंडपातच होत असे. गावऱ्हाटी आणि बारापाचाचे मानकरी यांची व्यवस्था आपल्या परीने शिस्तीची होती. पण मान बापाकडून मुलाकडे जाई, आणि गाऱ्हाणे घालणारा पुरुषच असे. त्या मंडपात स्त्रीला नैवेद्याची जागा होती, बोलण्याची नव्हती.

१९९३ साली त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती अमलात आली आणि पंचायतींत एकतृतीयांश जागा स्त्रियांना मिळाल्या. महाराष्ट्राने २०११ साली त्या निम्म्या केल्या. खुर्ची मिळाली. कारभार कोठे तिच्या हाती आला, कोठे तिच्या नवऱ्याच्या. पण याहून कमी गाजलेली आणि अधिक उपयोगाची अशी एक तरतूद आहे, ती म्हणजे महिलासभा. ग्रामसभेपूर्वी गावातील स्त्री-मतदारांची वेगळी सभा भरवावी आणि तिच्यातील विषय ग्रामसभेपुढे ठेवावे, असा नियम आहे. नियम पाळला जातो तेथेही पुष्कळदा सभा कागदावरच होते. सकाळी अकराची वेळ दिली जाते. त्या वेळी कोणतीही राबती स्त्री मोकळी नसते. मग अंगणवाडीतून पाच-सात सह्या येतात आणि इतिवृत्त पुरे होते.

हा डाव उलटविणे अवघड नाही, आणि बचत गटांमुळे ते अधिक सोपे झाले आहे. गटाची बैठक महिन्याची ठरलेली; तेथे हिशेब वाचला जातो, कर्ज का थकले हे विचारले जाते, आणि भांडण झाले तरी वहीत नोंद होते. सभा म्हणजे काय, याची तालीम या वहीनेच दिली. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी गटाच्या स्त्रियांनी २०१७ साली कांदळवनाची सफर सुरू केली. त्या स्वतः होड्या वल्हवितात व पाहुण्यांना झाडांची माहिती देतात. परक्या माणसासमोर उभे राहून आपल्या खाडीविषयी अधिकाराने बोलणाऱ्या बाईला महिलासभेची वेळ संध्याकाळची करून मागणे जड का जावे? ग्रामसभेची गणपूर्ती मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांत जी संख्या कमी ती. म्हणजे सत्तर बायका एकमताने येऊन बसल्या, तर त्यांचे न ऐकता ठराव होणे कठीण.

अशा सभांतून काय होऊ शकते याचा दाखला घाटावरचा आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवेचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र व जोडवी काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्याच्या १७ तारखेस सरकारने परिपत्रक काढून तो इतर गावांपुढे ठेवला. ठराव म्हणजे कायदा नव्हे. मोडणाऱ्यास त्याने शिक्षा होत नाही. परंतु दारूचे दुकान बंद करावयाचे असेल, तर तेथे स्त्रियांच्या हाती त्याहून बळकट साधन आहे. गुप्त मतदानात गावच्या एकंदर स्त्री-मतदारांपैकी निम्म्यांहून अधिकांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला, की दुकानाला टाळे लागते. हे साधन ज्या गावांनी वापरले, तेथेही आरंभ नावांच्या यादीपासूनच झाला; अर्जावर पुरेशा सह्या, आणि त्या सह्या यादीतील नावांशी जुळणाऱ्या.

सासरचे नाव एक, माहेरचे दुसरे, शाळेच्या दाखल्यावर तिसरे, अशा घोटाळ्यात कित्येक अर्ज अडकतात. या बाबतीत एक बदल मात्र झाला आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलाचे वा मुलीचे नाव सरकारी कागदांत लिहिताना आधी स्वतःचे, मग आईचे, मग वडिलांचे, आणि शेवटी आडनाव, असा क्रम महाराष्ट्रात ठरला. ती मुले २०३० च्या जूनमध्ये पहिलीत बसतील. त्या दिवशी मालवणच्या शाळांत हजेरी घेणाऱ्या गुरुजींना प्रत्येक नावागणिक एका आईचे नाव मोठ्याने वाचावे लागेल.