औटकी, आणे आणि बारा हप्ते

निमंत्रणपत्रिकेत विषय छापला होता ‘उद्याचे अर्थकारण आणि आजची शाळा’. दारावरच्या फलकावर जागा पुरली नाही, म्हणून तिथे नुसते ‘उद्याचे अर्थकारण’ उरले. त्यामुळे पहिल्या दोन रांगांत ठेवींच्या काळजीने आलेली मंडळी बसली होती. वक्ते गणिताचे निवृत्त शिक्षक. खानदेशातल्या या तालुक्याच्या गावी निम्म्या सभागृहाने कधी ना कधी त्यांच्या हातची पट्टी खाल्लेली. सर शेवटी कुठे जाणार हे सगळ्यांना ठाऊक होते. त्रैराशिकावर ते किती मिनिटांत येतात, यावर मागच्या रांगेत चहाची पैज लागली होती.

सुरुवात तशी विषयाला धरून झाली. ‘१९३७ ची वर्ध्याची परिषद, गांधीजींची नई तालीम, कोठारी आयोगाने सुचवलेला कार्यानुभव, हे आपण सारे जाणताच,’ असे म्हणून सरांनी तीस वर्षे एका दमात ओलांडली. सभागृहाने जाणत असल्यासारख्या माना डोलावल्या. मग २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचा कागद निघाला. १९ ते २४ वयोगटात औपचारिक व्यवसाय शिक्षण घेतलेले भारतात पाच टक्क्यांहूनही कमी. अमेरिकेत ५२, जर्मनीत ७५, दक्षिण कोरियात ९६ टक्के. २०२५ पर्यंत निदान निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाची ओळख व्हावी, असे धोरणात लिहिले आहे. सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवसही आहेत.

‘उत्तम,’ सर म्हणाले आणि कागद घडी करून खिशात ठेवला. ‘पण शिकवायचा कोणता व्यवसाय?’ २०१३ साली ऑक्सफर्डच्या दोन संशोधकांनी ७०२ व्यवसाय तपासून अमेरिकेतल्या ४७ टक्के नोकऱ्यांना यंत्रांचा मोठा धोका आहे, असे मांडले होते. ते भाकीत किती खरे ठरले, यात सरांना फारसा रस नव्हता. धंदा बदलतो, प्रमाण बदलत नाही, हे त्यांना सांगायचे होते. गवंड्याचा एकास दोन, दोनास चारचा माल, फवारणीच्या पंपातले औषध, बारा जणांच्या भाजीचे साठ जणांसाठी वाढवलेले मीठ. ‘तीन आकडे माहीत, चौथा काढायचा. याला काय म्हणतात?’

सभागृह एका सुरात म्हणाले, ‘त्रैराशिक!’ मागच्या रांगेत पैज जिंकणाऱ्याने घड्याळ दाखवले. सात मिनिटे.

त्यानंतर संध्याकाळ सरांचीच झाली. भास्कराचार्यांची ‘लीलावती’ ११५० ची, तिच्यात त्रैराशिकापासून एकादशराशिकापर्यंत मांडणी आहे. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेवाने मठ स्थापल्याचा शिलालेख आपल्याच चाळीसगावजवळच्या पाटणला आहे. इथे टाळ्या पडल्या, बहुधा चाळीसगावसाठी.

आणि मग आणे आले. टिपणात ही गोष्ट दोन ओळींची असावी. ती वीस मिनिटे चालली. सरांच्या वडिलांचे धान्याचे दुकान होते. त्या काळच्या शाळेने मुलांना बाजारासाठी अगदी नेमके तयार केलेले असे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनची औटकी. सोळा आण्यांच्या रुपयाला आणि शेरा-मणाला हेच पाढे लागत. तिसऱ्या रांगेतल्या, ऐंशी ओलांडलेल्या एका आजोबांना राहवले नाही. ते मोठ्याने सुरू झाले : साडेतीन, सात, साडेदहा, चौदा... नवावर अडखळले. ‘साडेएकतीस!’ असे शेजारच्या आजींनी सुनावले, तेव्हा सभागृहात हशा झाला.

१ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. पाठोपाठ किलोग्रॅम आला. पाठ केलेली ती सगळी विद्या काही वर्षांत अडगळीत गेली. मधल्या काळातली गंमत सरांनी रंगवून सांगितली. एका आण्याचे सव्वासहा पैसे होतात, पण पावपैसा कुठून द्यायचा? म्हणून सरकारी तक्त्यात एक आणा म्हणजे सहा पैसे, दोन म्हणजे बारा, तीन म्हणजे मात्र एकोणीस आणि चार म्हणजे पंचवीस. एकेका आण्याची वस्तू तीनदा घेतली तर अठरा पैसे, एकदम तीन आण्यांची घेतली तर एकोणीस. दुकानात एक पोरगे म्हणे दिवसातून तीनदा येई. ‘ते पोरगे शाळेत नापास व्हायचे,’ सर म्हणाले, ‘पण माझ्या वडिलांना रोज एक पैसा हरवायचे.’

गोष्ट झकास होती. ती सरांच्या बाजूने बोलते की विरुद्ध, हे मात्र त्यांनी तपासले नाही.

पुढे आकडे आले. ‘असर’च्या २०२३ च्या पाहणीत ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलामुलींपैकी ८६.८ टक्के शिक्षणसंस्थांत नाव असलेले; तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता येणारे फक्त ४३.३ टक्के. ज्यांना निदान वजाबाकी येते, त्यांच्यापैकी साठ टक्क्यांहून अधिक जणांना खर्चाचा मेळ घालता आला, सुमारे ३७ टक्क्यांना सवलतीचा हिशोब जमला. कर्जाची परतफेड काढणे जमले जेमतेम दहा टक्क्यांना. ‘त्रैराशिक सोडले, दुसरे काय?’

इथे उजव्या बाजूला चुळबुळ झाली. जिल्हा परिषदेच्या शाळेतले एक गुरुजी उभे राहिले. निवडणुकीची कामे, सर्वेक्षणे, पोषण आहाराच्या नोंदी, रोजची ऑनलाइन माहिती; भागाकार कधी शिकवायचा? टाळ्या त्यांनाही मिळाल्या. सर थोडे वरमले, मग चढले : ‘मीही जनगणना केली आहे. घरे मोजता मोजता पोरांना सरासरी शिकवली आहे.’ गुरुजी बसले, पण हाताची घडी घालून.

तोवर संयोजकांची पहिली चिठ्ठी टेबलावर आली होती. सरांनी ती न वाचता पेल्याखाली ठेवली. पाबळच्या विज्ञान आश्रमाबद्दल त्यांना बरेच बोलायचे होते. डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये सुरू केलेल्या त्या कामात मुले जोडकाम, वीज, शेती हाताने शिकतात. वेळेअभावी आश्रमाच्या वाट्याला चारच वाक्ये आली. ती वीस मिनिटे आण्यांऐवजी इकडे खर्च झाली असती, तर विषयाचे जास्त भले झाले असते.

मग बँकेत काम करणारी एक तरुणी उठली.

‘सर, मी तुमच्याच वर्गातली.’

‘बोल गं.’

‘दुचाकीचे कर्ज एक लाख वीस हजार. फ्लॅट दहा टक्के, एक वर्ष. अकरा हजारांचे बारा हप्ते. व्याज खरे किती टक्के पडले?’

‘शंभराला दहा, तर एक लाख वीस हजाराला बारा हजार. दहाच टक्के!’

‘पण सर, मुद्दल दर महिन्याला फिटत जाते. शेवटच्या महिन्यात माझ्याकडे दहाएक हजारच उरतात. व्याज मात्र वर्षभर पूर्ण रकमेवर लावलेले.’

सर थांबले. एवढ्या वेळात ते पहिल्यांदाच थांबले होते. दुसरी चिठ्ठी आली. तीही पेल्याखाली गेली. त्यांनी खडू उचलला. १२०, ११०, १०० असे हजार खाली खाली दहापर्यंत मांडले. बेरीज ७८०, भागिले बारा, सरासरी पासष्ट हजार. पासष्ट हजारांना बारा हजार, तर शंभराला? ‘अठरा पूर्णांक शेहेचाळीस शतांश. जवळजवळ साडेअठरा!’ पहिल्या दोन रांगांनी सगळ्यांत मोठ्या टाळ्या दिल्या. कितीकांनी हे असले कर्ज घेतलेले असावे. त्रैराशिक दोन्ही वेळा बरोबरच सोडवले गेले होते. फरक होता पहिल्या पदात, आणि तो त्या मुलीने दाखवला होता.

तिने मोबाइल वर धरला. ‘सर, हा अठरा म्हणतोय.’

‘अर्धा टक्का गेला कुठे?’ सरांचे डोळे चमकले. ‘कारण मुद्दल दर महिन्याला सारखे फिटत नाही. आधी कमी, मग जास्त...’

ध्वनिक्षेपक आभारप्रदर्शनाकडे गेला होता. देणगीदारांची नावे वाचली जात असताना सर फळ्यावर दुसरा रकाना आखत होते. पहिल्या महिन्याचे दीड टक्के व्याज, १,८००. अकरा हजारांतून ते वजा, मुद्दल फिटले ९,२००. ती तरुणी व्यासपीठाच्या पायरीपर्यंत आली होती.

‘उरले?’ सरांनी पाठमोरेच विचारले.

‘एक लाख दहा हजार आठशे.’

सरांनी आकडा मांडला आणि त्याच्या दीड टक्क्याला हात घातला.