नमस्कार न जमणारा अवतार

(कोरगाव येथे लेखक, शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



मी संगणकावर त्रिमितीय जागा आणि त्या जागांत वावरणारी पात्रे घडवण्याचे काम करतो. डोळ्यांवर चष्म्यासारखे यंत्र चढवले की आपण एखाद्या खोलीत, बागेत किंवा सभागृहात असल्यासारखे वाटते. तिथे दूरदूरची माणसे भेटतात, बोलतात, एकत्र शिकतात. याला सामाजिक आभासी वास्तव म्हणतात आणि तिथे दिसणाऱ्या आपल्या देहाला सगळे जग ‘अवतार’ म्हणते. 1986 मध्ये चिप मॉर्निंगस्टार आणि रँडी फार्मर यांनी लुकासफिल्मसाठी घडवलेल्या ‘हॅबिटॅट’ या खेळात पडद्यावरच्या पात्रासाठी हा शब्द वापरला गेला. पुढे 1992 मध्ये नील स्टीफन्सन यांच्या ‘स्नो क्रॅश’ या कादंबरीने तो सर्वत्र पोहोचवला. शब्द आपल्याकडून गेला याचा अभिमान वाटतोच. पण त्या अवताराला आपल्यासारखे वागता येते का, हे कोणी फारसे विचारत नाही. आज मला तेवढेच विचारायचे आहे.

साधा नमस्कार घ्या. या यंत्राबरोबर दोन्ही हातांत एकेक नियंत्रक धरावा लागतो. हात जोडायला गेलात की ते एकमेकांवर आपटतात. नियंत्रक खाली ठेवून नुसत्या हातांनी वावरण्याची सोय आता आहे. पण यंत्राच्या कॅमेऱ्यांना एका हाताआड दुसरा हात गेला की तो नीट ओळखता येत नाही. त्यामुळे जुळलेले तळवे थरथरतात, बोटे वाकडी होतात, कधी हातच नाहीसा होतो. अंगठा उंचावून शाबासकी देणे मात्र पहिल्या झटक्यात जमते.

आता मांडी घालून बसा. साध्या यंत्राला तीनच गोष्टी कळतात : डोके आणि दोन हात. कंबर, गुडघे, पावले कुठे असतील याचा ते अंदाज बांधते. डोके खाली आले की व्हीआरचॅटसारख्या ठिकाणी अवतार आधी उकिडवा होतो आणि आणखी खाली गेलात तर पालथा पडतो. आजी चटईवर निवांत बसलेली असेल. पण पलीकडच्या नातवाला ती जमिनीवर रांगताना दिसेल.

यात कोणाचा दुष्टावा नाही. ज्यांनी हे प्रथम घडवले ते खुर्चीवर बसणारे, हात हलवून भेटणारे लोक होते. त्यांनी आपल्या सवयी त्यात ओतल्या आणि त्याच आता सगळ्यांसाठी मूळ मांडणी म्हणून येतात. आपण आपल्या सवयी सांगितल्या नाहीत, तर त्या तिथे येणार कशा?

यावर पुष्कळदा एकच उपाय सुचवला जातो : देवळाची, वाड्याची, तुळशीवृंदावनाची हुबेहूब प्रतिकृती करा. त्याला माझी हरकत नाही. पण यंत्राची ताकद मर्यादित असते. दोन्ही डोळ्यांसाठी सेकंदाला किमान 72 वेळा चित्र नव्याने काढावे लागते, नाहीतर बघणाऱ्याला भोवळ येते. सगळी चित्रे लहान लहान त्रिकोणांची बनतात. संगणकाशिवाय चालणाऱ्या यंत्रावर व्हीआरचॅट 7,500 त्रिकोणांपर्यंतच्या अवतारालाच उत्तम दर्जा देते. दीपस्तंभाची प्रत्येक पणती कोरत बसलात तर माणसांसाठी काही शिल्लक राहत नाही. म्हणून काय ठेवायचे आणि काय सोडायचे, हा निवाडा करावाच लागतो.

हा निवाडा ज्यांना उत्तम जमतो ते लोक आपल्या शेजारीच आहेत. कमळेश्वराच्या या गावात दशावतार कोणाला समजावून सांगायला नको. मागे एक पडदा, पुढे एक बाकडे. तेच बाकडे सिंहासन होते, तेच डोंगर होते. नट आपला चेहरा आपणच रंगवतो. भुवईची एक रेघ, मुकुट, चालण्याची ढब आणि आवाज एवढ्यावर तो राजा होतो. पुरुष नट राणी होऊन येतो, तेव्हा प्रेक्षक तिला राणीच मानतात. संवाद लिहिलेले नसतात. आख्यान ठरते आणि बोलणे रंगमंचावरच सुचते. ‘रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा’ असे या नटांविषयी म्हटले जाते. त्यात गरिबीचे दुःख आहे, तसेच वेश अंगावर चढवण्या-उतरवण्याचे शहाणपणही आहे. 2007 मध्ये निक यी आणि जेरेमी बेलेन्सन यांनी प्रयोगांतून दाखवले की उंच अवतार मिळालेली माणसे पैशांच्या वाटाघाटीत अधिक आक्रमक होतात. वेश वागणे बदलतो, हे दशावतारी नटाला वेगळे सांगावे लागणार नाही.

बाकड्याचे सिंहासन होते ते नट आणि प्रेक्षक यांच्यातल्या संकेतामुळे. आभासी जागाही संकेतांवरच उभी राहते. अनोळखी अवतार अंगचटीला येतात अशा तक्रारी आल्यावर मेटा कंपनीने फेब्रुवारी 2022 मध्ये अवतारांमध्ये सुमारे 4 फुटांचे अंतर सक्तीने राखले. आपल्याकडे शिगम्याच्या मांडावर चपला काढून जायचे असते, हे भिंत न बांधताही लहान मुलाला कळते. जागा वागायला शिकवते, ती अशी.

आवाजाचेही तसेच. करोनाच्या काळात ज्यांनी मोबाइलवर दूरच्या नातेवाइकांबरोबर आरती म्हटली, त्यांना ठाऊक आहे की टाळी जुळत नाही. आवाज पोहोचायला जो क्षणभर उशीर लागतो, तो ताल मोडतो. म्हणून आभासी देवळात सामुदायिक आरतीचा हट्ट धरू नये. उखाणे, कोडी, प्रश्नोत्तरे, गजाली यांत एकाने बोलायचे आणि दुसऱ्याने ऐकायचे असते. तिथे तो उशीर खपून जातो. जवळच्याचा आवाज मोठा आणि लांबच्याचा लहान ऐकू यावा, अशीही सोय असते. चौघेजण बसतील एवढा सोपा केला, तर गजालीला तो भव्य सभामंडपापेक्षा अधिक उपयोगी पडेल. पेडण्यातल्या कितीतरी घरांतली माणसे आज आखातात आणि इंग्लंडमध्ये आहेत. त्यांच्या मुलांना मराठी ऐकायला मिळायची असेल, तर ती अशा सोप्यावर मिळेल.

इथे लेखक आणि शिक्षक हवेत. वर्गात मुलांना एवढेच लिहायला सांगा : तुमच्या अंगणात कोण कुठे बसते, आलेल्याला पहिले वाक्य कोणते म्हणतात, वडीलधारे आले की कोण उठते. अशी वीस पाने हाती आली तर मी त्यांवरून जागा बांधू शकतो. नुसत्या छायाचित्रांवरून मला फक्त भिंती बांधता येतात. शब्दांचेही पाहा. या जगातून निघण्याच्या बटणाचे ‘बाहेर पडा’ असे भाषांतर होते. आपल्या घरातून निघताना आपण ‘येतो’ म्हणतो. त्या एका शब्दात परत भेटण्याचे वचन असते. तो बटणावर लिहायला एक पैसाही लागत नाही, फक्त मराठी कानाचा माणूस लागतो.

शेवटचा मुद्दा व्यवहाराचा. दुसऱ्याच्या जागेत बांधलेले घर टिकेलच असे नाही. मायक्रोसॉफ्टने ‘आल्टस्पेस’ 10 मार्च 2023 रोजी बंद केले. मोझिलाने ‘हब्ज’ची सेवा 31 मे 2024 रोजी थांबवली. हब्जची संगणकीय संहिता खुली होती, म्हणून इतरांना ते काम पुढे चालवता आले. यावरून घ्यायचा धडा सरळ आहे. आपले अवतार, आपल्या जागा, त्यांची वर्णने आणि मराठी शब्दयादी खुल्या स्वरूपात आपल्याच ग्रंथालयांत, शाळांत आणि अकादमीसारख्या संस्थांत जपून ठेवावी.

हे काम मोठ्या खर्चापासून सुरू करायची गरज नाही. येत्या सत्रात एका वर्गाने एका अंगणाचे वर्णन लिहावे आणि एका दशावतारी नटाला शाळेत बोलावून वेश आणि चाल यांविषयी विचारावे. ती वही माझ्याकडे पाठवा. पहिली जागा मी बांधून देतो.

येतो.