वसतिगृहाच्या खिडक्या निवडताना

(वार्षिक सभेत वसतिगृहाच्या अधीक्षिकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



जव्हार तालुक्यातील आपल्या मुलींच्या वसतिगृहाच्या खिडक्या बदलायच्या आहेत हे आपणांस मागील अंकावरून ठाऊक आहेच. त्यासाठी आपण सढळ हाताने मदत केलीत, त्याबद्दल प्रथम आभार मानते. आता पैसे जमले आहेत आणि ते कोणत्या खिडकीवर खर्च करायचे हा प्रश्न आहे. आज सकाळी एका काकांनी मला विचारले, "बाई, खिडकीवर पंधरा मिनिटे बोलण्यासारखे काय असते?" असते, म्हणूनच उभी आहे.

आजची स्थिती अशी. खालच्या आणि वरच्या अशा दोन्ही खोल्यांना लोखंडी खिडक्या आहेत. तीस पावसाळे खाऊन त्यांच्या खालच्या पट्ट्या गंजून गेल्या आहेत. झडपा चौकटीत बसत नाहीत, कड्या लागत नाहीत, काही काचांच्या जागी पुठ्ठा आहे. जून लागला की मुली आतून प्लास्टिक आणि गोणपाट बांधतात. मग चार महिने खिडकी उघडतच नाही. एकेका खोलीत वीस मुली झोपतात. पहाटे दार उघडले की आतली कोंदट हवा अंगावर येते.

गेल्या वर्षी आपल्या एका मुलीला क्षयरोग असल्याचे निदान झाले. सहा महिने नेमाने औषध घेऊन ती बरी झाली, परत शाळेत जाऊ लागली, देवाची दया. पण तेव्हापासून मी खिडकीकडे निराळ्या नजरेने पाहते. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधल्याचे १८८२ साली जाहीर केले. हा रोग हवेतून पसरतो. रोगी खोकला की जंतू हवेत तरंगत राहतात, आणि बंद खोलीत तीच हवा सगळे मिळून घेतात. खोलीतली हवा बदलत राहिली तर धोका कमी होतो. पेरू देशातील लिमा शहरात आठ रुग्णालयांची पाहणी झाली, तिचा अहवाल २००७ साली प्रसिद्ध झाला. उंच छताच्या आणि मोठ्या खिडक्यांच्या जुन्या खोल्यांत, दारे-खिडक्या उघड्या असताना, यंत्राने हवा खेळवणाऱ्या नव्या खोल्यांपेक्षा हवा जास्त वेळा बदलत होती. औषध डॉक्टरांनी द्यायचे. हवा मात्र आपण देऊ शकतो.

म्हणून आमची पहिली कसोटी एकच ठरली: ही खिडकी किती उघडते?

आपल्या देशाच्या राष्ट्रीय इमारत संहितेत याचे माप दिलेले आहे. उष्ण व दमट हवेच्या भागात खोलीच्या क्षेत्रफळाच्या निदान एक षष्ठांश इतकी खिडक्या-झरोक्यांची जागा हवी. त्यात दार धरायचे नाही. आणि खिडकीचा काही भाग न उघडणारा असेल तर उघडणारा भागच मोजायचा. आमची एक खोली २० फूट बाय ३० फूट, म्हणजे ६०० चौरस फूट. तिला १०० चौरस फूट हवेत. खोलीला चार फूट बाय चार फुटांच्या सहा खिडक्या आहेत. त्यांचे होतात ९६. जुन्या बांधणाऱ्याने हिशोब जवळजवळ बरोबर केला होता.

आता बाजारात चला. पहिल्याच दुकानदाराने अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या दाखवल्या. दिसायला सुबक, भाव कमी, आठ दिवसांत बसवून देतो म्हणाला. पण सरकत्या खिडकीचे एक तावदान दुसऱ्याच्या मागे जाते, म्हणून ती कधीही अर्ध्याहून अधिक उघडत नाही. आमच्या ९६ चौरस फुटांचे एका फटक्यात ४८ होतात. सहा खिडक्या बसवायच्या आणि तिघींची हवा घ्यायची. ज्यांच्या घरी चार माणसे आणि तीन खोल्या आहेत त्यांना ती चालेल. वीस मुलींच्या खोलीला चालत नाही.

दुसऱ्याने दुहेरी काचेच्या यूपीव्हीसी खिडक्या सुचवल्या. या पदार्थाला गंज नाही, वाळवी नाही, हे खरे. पण दुहेरी काच लागते ती बंद खोलीची ऊब किंवा गारवा राखायला. थंड देशांत हीटर चालतो, शहरात एसी चालतो, तिथे तिचा उपयोग होतो. आपल्याकडे हीटर नाही, एसी नाही, आणि खिडकी उघडी ठेवण्यासाठीच तर हा खटाटोप. उघड्या खिडकीत एक काच काय आणि दोन काय! तो जादा पैसा आम्ही घालणार नाही.

आम्ही निवडली आहे ती बिजागरीवर बाहेर उघडणारी, दोन झडपांची खिडकी. ती पूर्ण उघडते. शिवाय प्रत्येक खोलीत छताजवळ दोन फूट बाय एक फुटाचे चार झरोके काढणार आहोत, कारण गरम हवा वर चढते आणि तिला वरूनच वाट लागते. त्यांचे ८ चौरस फूट धरून एकूण १०४ होतात. खिडक्या समोरासमोरच्या भिंतींत आहेत, म्हणून एकीतून आलेला वारा दुसरीतून बाहेर पडेल.

पण पाऊस? जव्हारचा पाऊस आडवा येतो, आणि पावसात बंद करावी लागणारी खिडकी चार महिने भिंतच असते. म्हणून प्रत्येक खिडकीचे दोन भाग केले आहेत. खालच्या मोठ्या झडपा बाजूला उघडतात. वरची लहान झडप वरच्या कडेला बिजागरी लावून बाहेर उघडते, छपरासारखी तिरकी राहते, आणि पाणी तिच्यावरून बाहेर ओघळते. त्यावर दोन फुटांचा छज्जा. पश्चिमेकडच्या खिडक्यांना छज्जा आणखी रुंद, कारण पावसाचा मारा आणि दुपारचे ऊन दोन्ही तिकडूनच.

चौकटीसाठी सागवान घेतो आहोत. सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही, आणि दुसरे कारण म्हणजे गावातला सुतार ती दुरुस्त करू शकतो. बिजागरी निखळली तर त्याच दिवशी बसेल. सरकत्या खिडकीचे चाक तुटले तर नाशिकहून माणूस येण्याची वाट पाहावी लागते, आणि तोवर पुन्हा गोणपाट.

डासांचा प्रश्न काहींनी काढला आणि तो योग्य आहे. जाळीने डास अडतात, पण वाराही कमी होतो, आणि धूळ बसली की फारच कमी. म्हणून जाळी वेगळ्या हलक्या चौकटीत बसवू, म्हणजे ती काढून दर पंधरा दिवसांनी धुता येईल. शिवाय प्रत्येक खाटेला औषधयुक्त मच्छरदाणी राहील.

गज आतल्या बाजूने असतील. मुलींचे वसतिगृह आहे आणि वर दुसरा मजला आहे. प्रेषितांच्या कृत्यांत खिडकीत बसल्या बसल्या झोप लागून खाली पडलेला तरुण आपल्या सर्वांना माहीत आहे. पण प्रत्येक खोलीत एका खिडकीचे गज दारासारखे उघडणारे ठेवतो आहोत, आतून कडी, कुलूप नाही. १६ जुलै २००४ रोजी कुंभकोणमच्या शाळेला आग लागून ९४ मुले गेली. मुलांच्या खोलीला बाहेर पडायची दुसरी वाट असलीच पाहिजे.

शेवटी मुलींना विचारले. त्यांना हवेचे सांगावे लागले नाही. त्या म्हणाल्या, "कपडे बदलताना पडदा लावतो, मग वारा येत नाही." हे आमच्या आराखड्यात कुठेच नव्हते. आता खालच्या तावदानांना दुधी काच आणि वरच्या झडपेला साधी. खाली झाकलेले, वर उघडे, पडद्याची गरज नाही.

यातल्या बहुतेक मुली वारली आणि कोकणा घरांतल्या. कारवीचा कूड, त्यावर शेणामातीचा लेप, अशा घराला मोठी खिडकी नसते. पण कूड आणि छप्पर यांच्यामध्ये फट असते. चुलीचा धूर तिथून जातो, वारा तिथून येतो. घर विटा-सिमेंटचे झाले की भिंत छतापर्यंत जाते आणि ती फट बुजते. तिचे काम मग खिडकीने करायचे असते. बऱ्याच पक्क्या घरांत हे कोणी सांगत नाही. एक हातभर खिडकी ठेवतात, तीही थंडीत बंद, आणि आई धुरात स्वयंपाक करते. आमच्या मुली उद्या आपापली घरे बांधतील. किती जागेला किती खिडकी, हे त्यांनी इथेच मोजून शिकावे म्हणून आराखडा काढताना मोठ्या मुलींच्या हातात टेप दिला होता.

आता मागणे. सागाच्या खिडक्या सरकत्या खिडक्यांपेक्षा महाग पडतात. जमलेल्या पैशांत खालची खोली पूर्ण होते, वरची राहते. काहींनी सुचवले की स्वस्तातल्या घेऊन दोन्ही मजले एकदम उरकावेत. कार्यकारिणीला मी विनंती केली आहे की तसे करू नये. एक खोली नीट होऊ द्या, तिथे आधी लहान मुलींना झोपवू, आणि वरची पुढच्या उन्हाळ्यात करू. दोन्ही दुकानदारांचे दरपत्रक आणि आमचा हिशोब मागच्या टेबलावर ठेवला आहे. कृपया वाचा, शंका विचारा, आणि एकेका खिडकीचा भार एकेका कुटुंबाला उचलता येईल का याचा घरी विचार करा.

कोनशिलेवर नावे घालणार नाही, तेवढ्या दगडाच्या पैशांत एक झरोका होतो.