विहिरीची नोंद विहिरीपाशी
(अध्यक्षीय भाषण)



 

अध्यक्षाने ग्रामीण पाणीपुरवठ्याच्या क्षेत्राचा साद्यंत आढावा घ्यावा असा या परिषदेचा प्रघात आहे. परंतु वसंतराव नाईक समितीच्या शिफारशी, १९६१ चा जिल्हा परिषद अधिनियम, १ मे १९६२ रोजी झालेली जिल्हा परिषदांची स्थापना आणि पुढे त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने अकराव्या अनुसूचीत पिण्याच्या पाण्याचा झालेला अंतर्भाव, या टप्प्यांची उजळणी आपणांसारख्या जाणत्यांपुढे करण्याचे प्रयोजन नाही. आणि नळयोजनांची चालू स्थिती कार्यवाहांच्या अहवालात आलेलीच आहे. मला एकच गोष्ट सांगावयाची आहे. नोकरीत असताना ती मी टिपणांतून मांडली, बैठकांतून मांडली, आणि प्रत्येक वेळी ती ‘विचाराधीन’ या शेऱ्याखाली दप्तरी दाखल झाली. गावच्या पाण्याची जी मोजणी आपण करतो, ती प्रथम त्या गावाच्या हाती पडली पाहिजे. वरिष्ठांकडे तिने त्यानंतर जावे.

आजची रीत आपणांस ठाऊक आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचा माणूस वर्षातून चार वेळा निरीक्षण विहिरीवर येतो, फीत सोडतो, काठापासून पाणी किती मीटर खोल आहे ते वहीत उतरवतो आणि निघून जातो. पाण्याचे नमुने प्रयोगशाळेत जातात. ब्लीचिंग पावडरीत क्लोरीन किती उरला आहे हे आरोग्य विभाग पाहतो आणि स्वच्छता सर्वेक्षणानंतर ग्रामपंचायतीस लाल, पिवळे वा हिरवे कार्ड देतो. पाऊस महसूल मंडळात मोजला जातो. टंचाई कृती आराखडा तिसऱ्याच मेजावर तयार होतो, आणि टँकर लागला म्हणजे माणशी वीस लिटरांचा हिशेब आणखी कोठे तरी मांडला जातो. या प्रत्येक ठिकाणी कष्टाळू आणि प्रामाणिक माणसे मी पाहिली आहेत, आणि म्हणूनच माझी तक्रार कोणा व्यक्तीविरुद्ध नाही. परंतु यांपैकी या कार्डाचा अपवाद वगळला, तर एकही कागद गावाच्या दिशेने नियमाने परत येत नाही, आणि ते कार्डही पुष्कळदा कार्यालयाच्या कपाटातच राहते.

एका जिल्ह्यात शाळेलगतच्या हातपंपाच्या पाण्यात फ्लोराईडचे प्रमाण लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या कमाल मर्यादेहून पुष्कळ अधिक आढळले. अहवाल निर्दोष होता. तो ‘पुढील कार्यवाहीस्तव सादर’ होत एका मेजावरून दुसऱ्या मेजावर गेला. पुढील हिवाळ्यात दुसऱ्या कामानिमित्त मी त्या गावी गेलो, तो पंप चालूच होता, त्यावर लाल रंगाचा पट्टा नव्हता, आणि मधल्या सुटीत मुले ओंजळीने तेच पाणी पीत होती. मुख्याध्यापकांना विचारले, तर त्यांना कोणी काही कळवलेलेच नव्हते. फ्लोराईडला रंग नाही, वास नाही. गढूळ पाणी आई ओळखते, हे पाणी ती ओळखू शकत नाही. ज्यांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे उमटू लागले होते, त्या मुलांच्या गावाचे नाव आमच्या तक्त्यात होते आणि तक्ता जिल्ह्याच्या ठिकाणी होता. त्या दिवसापासून ‘नोंद झाली आहे’ हे उत्तर मला सहन होत नाही.

हा दोष केवळ आपलाच आहे असेही नव्हे. न्यूझीलंड देशाने १९८९ च्या फेररचनेत आपल्या प्रादेशिक परिषदांच्या सीमा बव्हंशी नद्यांच्या पाणलोट क्षेत्रांस अनुसरून आखल्या, आणि १९९१ च्या कायद्याने नद्या, भूजल, हवा व माती यांवर देखरेख ठेवण्याचे काम त्यांच्याकडे सोपवले. ही रचना मला आजही अनुकरणीय वाटते. तथापि घरोघर पाणी पुरवण्याचे काम तेथे बहुतेक ठिकाणी निराळ्या परिषदांकडे राहिले. २०१६ च्या ऑगस्टमध्ये हॉक्स बे प्रांतातील हॅवलॉक नॉर्थ या गावी अतिवृष्टीनंतर मेंढ्यांच्या लेंड्यांनी दूषित झालेले पाणी भूजलात शिरून नळांत आले, आणि सुमारे चौदा हजार वस्तीच्या त्या गावात हजारो माणसे आजारी पडली; काहींचा मृत्यूही या आजाराशी जोडला गेला. चौकशी आयोगाने पाणी पुरवणाऱ्या आणि पाण्यावर देखरेख करणाऱ्या अशा दोन्ही परिषदांना दोष दिला आणि त्यांच्यात सहकार्य व माहितीची देवाणघेवाण नव्हती हे स्पष्ट लिहिले. यंत्रे होती, कायदा होता, पैसाही होता.

आज सकाळच्या चर्चेत काही तरुण मित्रांनी असे प्रतिपादन केले की, हे आकडे शास्त्रीय असतात, ग्रामस्थांना ते कळत नाहीत, आणि स्वयंचलित यंत्रे सर्वत्र बसली म्हणजे हा प्रश्नच उरणार नाही. यावर युक्तिवाद न करता मी एक हकीकत सांगतो. मराठवाड्यातील एका विहिरीवर मार्च महिन्यात मी फीत सोडीत असता, पाणी शेंदण्यास आलेल्या एका वृद्ध बाईंनी ‘किती भरलं?’ म्हणून विचारले. मी मीटर सांगितले. त्यांनी पोहऱ्याचा दोर माझ्यापुढे धरला. संक्रांत, होळी, अक्षय्य तृतीया अशा सणांना पोहरा पाण्याला टेकला की काठावर दोराला त्या गाठ मारीत असत. ‘औंदा होळीलाच आखितीची गाठ हाताला यायली,’ त्या म्हणाल्या. वहीत मागील मे महिन्याचा आकडा काढून मी ताडून पाहिला. अंतर नावापुरतेही नव्हते. मी वही मिटत असता त्यांनी विचारले, ‘भाऊ, हे लिवून नेता कुठं? आमच्यासाठी बी एक ठिवून जा की.’ या राज्याचा सुमारे चार पंचमांश भाग काळ्या पाषाणाचा, ज्याच्या भेगांतून पाणी किती साठते हे शेजारच्या दोन विहिरींतही सारखे नसते. तेथे या गाठींच्या तोडीचे यंत्र मला कोणी दाखवावे.

दुसरा आक्षेप असा की, आकडे जाहीर केले तर गावोगाव टँकरची मागणी उठेल. उठू द्या. पिकाची पैसेवारी काढताना गावची समिती बसते, तीत सरपंच असतो, शेतकरी असतात, हंगामी पैसेवारी जाहीर होते आणि हरकती ऐकल्यावरच अंतिम होते. त्याने महसूल खाते कोसळले नाही. पिकाच्या बाबतीत हरकत घेण्याचा जो अधिकार शेतकऱ्याला आपण देतो, तो पिण्याच्या पाण्याच्या बाबतीत त्याच्या बायकोला नाकारण्यास कोणता आधार आहे? सार्वजनिक स्रोतापासून पाचशे मीटरांच्या आत परवानगीवाचून नवी विहीर खोदू नये, असा निर्बंध १९९३ च्या कायद्याने घातला. ज्या गावाला आपल्या स्रोताचे पाणी किती उतरले हेच सांगितलेले नाही, ते गाव शेजारच्या बागायतदाराविरुद्ध कोणता दाखला घेऊन उभे राहणार?

गावात हे आकडे लावण्याचा फलक कसा असावा, मीटरांबरोबर हातांतही माप द्यावे काय, प्रयोगशाळेचा निष्कर्ष शाळेत आणि अंगणवाडीत कोणी वाचून दाखवावा, हे कार्यकारिणीने एक लहान समिती नेमून ठरवावे; तिचा मसुदा यथावकाश शासनापुढे जाईल. त्याची वाट पाहण्यास माझी मात्र तयारी नाही. येत्या मे महिन्याच्या मोजणीस आपणांपैकी जे जाणार आहेत, त्यांनी गाव सोडण्यापूर्वी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर तो आकडा आणि गेल्या मे महिन्याचा आकडा खडूने शेजारी शेजारी लिहावेत. त्याबद्दल कोणी खुलासा मागितला, तर परिषदेच्या अध्यक्षाने जाहीर सभेत तसे सांगितले होते, असे लेखी कळवावे.